पोट उतरले, आता निघायचे कधी? वऱ्हाडातील बाळंतपणाच्या चाहुलीचा इतिहास

बाळंतपण जवळ आल्याची पहिली खूण वऱ्हाडातल्या घरांत आई किंवा सासू नुसत्या नजरेने ओळखत असे : पोट उतरले. बाळाचे डोके ओटीपोटात सरकले की बाईला श्वास मोकळा येतो आणि दोन घास जास्त जातात. पण मांड्या भरून येतात, कंबर धरते, लघवीला वारंवार उठावे लागते. पहिलटकरणीत हे बहुधा दोन-तीन आठवडे आधी घडते. पुढच्या खेपांना मात्र पुष्कळदा कळा लागेपर्यंत पोट वरच राहते. त्यामुळे 'अजून पोट उतरलं नाही' या भरवशावर बसलेले घर दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात हमखास गाफील सापडे.

ही निरीक्षणे फार जुनी आहेत. चरकसंहितेच्या शारीरस्थानात प्रसव जवळ आलेल्या स्त्रीची लक्षणे क्रमाने येतात : अंग गळणे, चेहरा व डोळे मलूल होणे, छातीचे बंध सुटल्यासारखे वाटणे, पोट खाली येणे, कंबर-जांघांत दुखणे, स्राव होणे आणि मग कळा. त्याच ठिकाणी एक मोलाची ताकीद आहे : कळ नसताना बाईला जोर करायला लावू नये. कळा वाढाव्यात म्हणून तिला मुसळाने कांडायला लावावे, हे मतही तिथे खोडून काढले आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी 1886 साली फिलाडेल्फियात पदवीसाठी प्रबंध लिहिला तो प्राचीन आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच.

गावात हे ज्ञान पोथीतून आले नव्हते. ते सुईणीच्या हातात होते. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 सालच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात मांग समाजातील स्त्रिया सुईणीचे काम करत असल्याची नोंद आहे. ज्या हातांनी गावातली लेकरे जगात आणली, त्याच हातांचा विटाळ मानला गेला. हा अन्याय या विद्येच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. लेखणीपासून दूर ठेवलेल्यांची विद्या लिहिली गेली नाही, ती सासूकडून सुनेकडे तोंडी गेली.

सुईणीची खरी परीक्षा खोट्या कळा ओळखण्यात होती. शेवटच्या महिन्यात पोट अधूनमधून दगडासारखे घट्ट होते आणि सैल पडते. कापूस वेचून दिवसभर वाकलेल्या बाईची पाठ तर तशीही दुखतेच. खोटी कळ पोटापुरती राहते, तिला ठरावीक पाळी नसते, आणि ऊन पाण्याने अंघोळ करून बाई आडवी झाली की ती ओसरते. खरी कळ बहुधा कमरेतून सुरू होऊन पुढे ओटीपोटात येते. थांबते, पुन्हा येते, दोन कळांमधले अंतर कमी होत जाते आणि विश्रांतीने ती हटत नाही. रक्ताची रेघ असलेला चिकट स्राव दिसला की गर्भाशयाचे तोंड उघडू लागले असे समजायचे. तरी त्यानंतर काही तास जातील की एक-दोन दिवस, हे तेवढ्यावरून सांगता येत नाही. कळांआधीच पाणमोट फुटली, तर मात्र थांबण्यात धोका असतो : जंतूंना वाट मोकळी होते, क्वचित नाळही खाली घसरते. पाणी हिरवट असेल तर बाळाने पोटातच शी केलेली असते.

दिवसांचा हिशोबही घरात चाले. 'नऊ महिने नऊ दिवस' हा लोकांचा आकडा आणि शेवटच्या पाळीपासून 280 दिवस, म्हणजे सुमारे नऊ महिने सात दिवस, हे डॉक्टरांचे गणित यांत फरक जेमतेम दोन दिवसांचा आहे.

1885 साली व्हॉइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांच्या नावाने स्त्रियांच्या उपचारांसाठी निधी उभा राहिला, आणि 1903 साली लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने दाईंच्या शिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मारक निधी आला. अमरावतीचे जिल्हा स्त्री रुग्णालय आजही लोकांच्या तोंडी 'डफरीन' आहे, तर अकोल्याचे 'लेडी हार्डिंग'. दवाखाना आल्याने खुणा बदलल्या नाहीत, त्यांनी उत्तर द्यायचा प्रश्न बदलला. पूर्वी 'सुईणीला बोलवायचे कधी' एवढेच ठरवायचे होते. आता 'निघायचे कधी' हे ठरवायचे होते. पावसाळ्यात काळ्या मातीत दमणीची चाके रुतत. तिथे खोट्या कळांवर निघणे म्हणजे फुकटची फरपट आणि खऱ्या कळांवर रेंगाळणे म्हणजे वाटेतले बाळंतपण. बाई अडली की मगच दवाखाना आठवे, आणि तोवर बहुधा उशीर झालेला असे.

1977 नंतर ग्रामीण आरोग्य योजनेतही दाईंना प्रशिक्षण मिळू लागले. 2005 साली जननी सुरक्षा योजना आणि आशा कार्यकर्त्या आल्यावर सरकारचा भर दवाखान्यातील बाळंतपणावर गेला. 2014 पासून महाराष्ट्रात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली.

मेळघाटात मात्र वेळेत निघण्याची घाईसुद्धा पुरेना. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरांच्या आसपास, वाट घाटाची, पावसाळ्यात सिपनेसारख्या नद्यांना पूर. इथे पहिल्या खऱ्या कळेला निघालेली कोरकू आदिवासी बाईसुद्धा वेळेत पोहोचेल याची खात्री नसते. म्हणून आदिवासी भागांसाठी 'माहेर घर' योजना आली : दिवस भरत आले की बाईने कळांची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्राशेजारच्या खोलीत येऊन राहायचे. पहिलटकरणीला सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी आणण्याची रीत वऱ्हाडात आधीपासूनच होती. योजनेच्या नावातही तेच माहेर आहे.