ब्लफ (पोकर)

ब्लफ अर्थात हूल ही पोकर या पत्त्यांच्या खेळातील एक चाल आहे. हाती हलकी पाने असताना भारी पाने असल्याप्रमाणे पैज लावणे किंवा चालू पैज वाढवणे, आणि त्यायोगे प्रतिस्पर्ध्याला अधिक चांगली पाने टाकून देण्यास भाग पाडणे, असे तिचे स्वरूप असते. पोकरचा डाव दोन प्रकारे जिंकता येतो : अखेरीस पाने उघड केल्यावर सर्वांत भारी पाने असणे, किंवा त्यापूर्वीच इतर सर्वांनी डाव सोडणे. ब्लफ हा दुसऱ्या मार्गावर आधारलेला आहे. लोकसमजुतीत तो धाडसाचा आणि चेहरा निर्विकार ठेवण्याचा विषय मानला जातो. विसाव्या शतकातील गणितज्ञांनी मात्र असे दाखवून दिले, की ब्लफ किती वेळा करावा हे पैजेच्या आकारावरून काढता येते आणि कधीच ब्लफ न करणाऱ्या खेळाडूला भारी पानांचाही पुरेसा लाभ मिळत नाही.

इतिहास

पोकर हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात आणि मिसिसिपी नदीवरील वाफेच्या बोटींवर रूढ झाला. प्रारंभी तो वीस पानांनी खेळला जाई. पुढे बावन्न पानांचा पूर्ण जोड वापरात आला. फ्रान्समधील पोक, जर्मन भाषिक प्रदेशातील पोखेन आणि इंग्लंडमधील ब्रॅग हे पैज लावून खेळण्याचे जुने खेळ पोकरचे नातलग मानले जातात. या सर्वांत पाने लपवून पैज वाढवण्याची पद्धत समान आहे. अमेरिकेत सुरुवातीच्या काळात या खेळालाच ‘ब्लफ’ असेही म्हटले जात असे.

पैजेच्या फेऱ्या

आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या टेक्सास होल्डम या प्रकारात प्रत्येक खेळाडूला दोन खासगी पाने मिळतात आणि पटावर पाच सामायिक पाने टप्प्याटप्प्याने उघडली जातात. पहिल्या तीन पानांना फ्लॉप, चौथ्याला टर्न आणि पाचव्याला रिव्हर म्हणतात. खासगी पाने वाटल्यावर आणि पुढील प्रत्येक टप्प्यानंतर पैजेची एक फेरी होते. आपल्या पाळीला खेळाडू पैज न लावता पाळी पुढे देऊ शकतो (चेक) किंवा पैज लावू शकतो. आधीच पैज लागलेली असल्यास तो तिची बरोबरी करू शकतो (कॉल), ती वाढवू शकतो (रेज) किंवा पाने टाकून डाव सोडू शकतो (फोल्ड). डावात जमा झालेल्या एकूण रकमेला पॉट म्हणतात.

प्रकार

शुद्ध ब्लफ : पाने उघड झाल्यास जिंकण्याची शक्यता जवळजवळ नसताना केलेला ब्लफ. शेवटचे पान उघडल्यानंतरचे ब्लफ बहुधा याच प्रकारात मोडतात.

अर्धब्लफ : सध्या हलकी, परंतु पुढील पानांमुळे भारी होण्याची शक्यता असलेली पाने घेऊन लावलेली पैज. अमेरिकी लेखक डेव्हिड स्क्लान्स्की यांनी ही संकल्पना रूढ केली. अर्धब्लफमध्ये यशाच्या दोन वाटा असतात : प्रतिस्पर्धी लगेच डाव सोडेल, किंवा त्याने कॉल केल्यानंतर हवे ते पान येईल.

उलट ब्लफ : भारी पाने असताना मुद्दाम चेक करून दुबळेपणाचा आभास निर्माण करणे. याला संथ खेळ असेही म्हणतात.

पैजेचे गणित

पॉट १०० चिप्सचा आहे आणि एका खेळाडूने १०० चिप्सचा शुद्ध ब्लफ केला, असे समजू. प्रतिस्पर्ध्याने डाव सोडल्यास १०० चिप्सचा लाभ आणि कॉल केल्यास १०० चिप्सचा तोटा होतो. म्हणून प्रतिस्पर्धी निम्म्याहून अधिक वेळा डाव सोडत असेल तरच हा ब्लफ फायद्याचा ठरतो. सर्वसाधारणपणे, ब्लफ ना नफा ना तोटा होण्यासाठी प्रतिस्पर्ध्याने डाव सोडण्याचे प्रमाण ‘पैज ÷ (पैज + पॉट)’ इतके असावे लागते.

प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने हिशेब वेगळा असतो. वरील उदाहरणात त्याला १०० चिप्स देऊन २०० चिप्स जिंकण्याची संधी असते. त्यामुळे तीनपैकी एकदा जरी समोरचा ब्लफ करत असेल, तरी कॉल करण्यात त्याचा तोटा नसतो. यावरून रिव्हरवरील पैजांमध्ये ब्लफचे संतुलित प्रमाण निघते. १०० चिप्सच्या पॉटसाठी ते असे :

• ५० चिप्सची पैज : ब्लफ ३३.३ टक्के वेळा यशस्वी व्हावा लागतो; संतुलित खेळात दर चार पैजांपैकी एक ब्लफ.
• १०० चिप्सची पैज : ब्लफ ५० टक्के वेळा यशस्वी व्हावा लागतो, दर तीन पैजांपैकी एक ब्लफ.
• २०० चिप्सची पैज : ब्लफ ६६.७ टक्के वेळा यशस्वी व्हावा लागतो. दर पाच पैजांपैकी दोन ब्लफ.

पैज जितकी मोठी तितके ब्लफचे प्रमाण अधिक ठेवता येते, कारण मोठ्या पैजेला कॉल करणाऱ्याला मिळणारा मोबदला तुलनेने कमी असतो.

अर्धब्लफचा लाभही याच पद्धतीने मोजता येतो. टर्ननंतर एखाद्या खेळाडूकडे खासगी व सामायिक मिळून इस्पिकची चार पाने असतील, तर न दिसलेल्या ४६ पानांपैकी ९ पाने त्याचा फ्लश, म्हणजे एकाच चिन्हाच्या पाच पानांचा संच, पूर्ण करतात; ही शक्यता सुमारे १९.६ टक्के आहे. १०० चिप्सच्या पॉटमध्ये त्याने १०० चिप्सची पैज लावली आणि प्रतिस्पर्धी ४० टक्के वेळाच डाव सोडत असेल, तर शुद्ध ब्लफमध्ये सरासरी २० चिप्सचा तोटा झाला असता. मात्र फ्लश झाल्यावर डाव जिंकता येतो आणि पुढे आणखी पैज लागत नाही असे धरल्यास, अर्धब्लफमध्ये सरासरी सुमारे १५ चिप्सचा नफा होतो.

खेळ सिद्धांतातील विवेचन

ब्लफचा गणिती अभ्यास फ्रेंच गणितज्ञ एमिल बोरेल आणि हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी केला. फॉन नॉयमन आणि अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्या १९४४ मधील ‘थिअरी ऑफ गेम्स अँड इकॉनॉमिक बिहेवियर’ या ग्रंथात पोकरवर स्वतंत्र विवेचन आहे. त्यांनी ब्लफचे दोन हेतू सांगितले : दुबळे असताना बलवान भासणे आणि बलवान असताना दुबळे भासणे. दुसरा हेतू पहिल्यावर अवलंबून असतो. जो खेळाडू केवळ भारी पानांवर पैज लावतो त्याला कोणी कॉल करत नाही. ब्लफमुळे निर्माण होणारी शंका त्याच्या खऱ्या पैजांना मोबदला मिळवून देते.

फॉन नॉयमन यांच्या प्रतिमानात दोन खेळाडूंना पानांऐवजी ० ते १ मधील एकेक संख्या मिळते. पहिला खेळाडू चेक करतो किंवा ठरलेल्या रकमेची पैज लावतो; दुसरा कॉल करतो किंवा डाव सोडतो. पैज पॉटइतकी असल्यास पहिल्याने सर्वांत वरच्या दोन-नवमांश आणि सर्वांत खालच्या एक-नवमांश संख्यांवर पैज लावावी, तर दुसऱ्याने वरच्या चार-नवमांश संख्यांवर कॉल करावा, असे उत्तर मिळते. ब्लफसाठी मध्यम नव्हे तर सर्वांत हलकी पाने निवडली जातात, हा यातील लक्षणीय निष्कर्ष आहे. मध्यम पाने चेक करून अखेरच्या तुलनेत काही वेळा जिंकतात. सर्वांत हलक्या पानांना तशी संधी नसल्याने ती गमावण्याची किंमत कमी असते.

१९५० मध्ये अमेरिकी गणितज्ञ हॅरल्ड कून यांनी तीन पानांचे व दोन खेळाडूंचे एक छोटे पोकर मांडले. राजा, राणी आणि गुलाम या पानांपैकी प्रत्येकाला एक मिळते. पहिल्याने चेक केल्यानंतर दुसऱ्याकडे गुलाम असल्यास त्याने तीनपैकी एकदा ब्लफ करावा, असे त्याचे उत्तर आहे. ही निवड यादृच्छिक असावी लागते. ठरावीक क्रमाने केलेला ब्लफ प्रतिस्पर्ध्याच्या ध्यानात येतो.

संगणक आणि ब्लफ

कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मर्यादित पैजेचे दोन खेळाडूंचे टेक्सास होल्डम व्यवहारतः सोडवल्याचे जाहीर केले. २०१७ च्या जानेवारीत कार्नेगी मेलन विद्यापीठातील टुओमास सँडहोम आणि नोम ब्राउन यांच्या लिब्राटस या प्रणालीने पिट्सबर्ग येथे अमर्याद पैजेच्या १,२०,००० डावांत चार व्यावसायिक खेळाडूंना पराभूत केले. लिब्राटसला प्रतिस्पर्ध्यांचे चेहरे दिसत नव्हते आणि मानवी डावांच्या नोंदींवरूनही ती शिकलेली नव्हती. तरीही ती ब्लफ करत असे. ब्लफ हा मानवी कपटाचा नव्हे तर अपूर्ण माहितीच्या खेळाचा स्वाभाविक परिणाम आहे, हे यातून स्पष्ट झाले.

व्यवहारातील घटक

संतुलित प्रमाण हे तोट्यापासून संरक्षण देते. चुका करणाऱ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध त्यापासून दूर जाणे अधिक लाभदायक असते. वाजवीपेक्षा जास्त वेळा डाव सोडणाऱ्याविरुद्ध ब्लफ वाढवतात आणि सतत कॉल करणाऱ्याविरुद्ध तो जवळजवळ बंद करतात. प्रतिस्पर्ध्यांची संख्याही महत्त्वाची असते. प्रत्येक जण ५० टक्के वेळा स्वतंत्रपणे डाव सोडत असेल, तर दोघांनीही सोडण्याची शक्यता २५ टक्के आणि तिघांनी सोडण्याची १२.५ टक्के होते. आधीच्या फेऱ्यांतील पैजा दाखवू पाहत असलेल्या पानांशी सुसंगत नसल्यास ब्लफ सहज ओळखला जातो. पटावर इस्पिकची तीन पाने असताना स्वतःकडे इस्पिक एक्का असणे ब्लफला अनुकूल ठरते, कारण प्रतिस्पर्ध्याकडे सर्वांत मोठा फ्लश असूच शकत नाही.

प्रसिद्ध उदाहरण

२००३ च्या पोकर विश्वमालिकेच्या मुख्य स्पर्धेत ८३९ खेळाडू होते. अखेरच्या दोघांतील एका डावात हौशी खेळाडू ख्रिस मनीमेकर यांच्याकडे इस्पिक राजा व बदाम सत्ती, तर व्यावसायिक सॅमी फार्हा यांच्याकडे इस्पिक राणी व बदाम नव्वी होती. पटावर इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की आणि टर्नवर इस्पिक अठ्ठी आली. मनीमेकर यांना फ्लश आणि ओळीने पाच पाने, अशा दोन्ही शक्यता असल्याने टर्नवरील त्यांची वाढीव पैज अर्धब्लफ होती. रिव्हरवर बदाम तिर्री येऊन दोन्ही शक्यता संपल्या, तेव्हा त्यांनी सर्व चिप्स पणाला लावल्या आणि नव्वीची जोडी असलेल्या फार्हा यांनी विचारांती डाव सोडला. मनीमेकर यांनी पुढे स्पर्धा व २५ लाख डॉलरचे बक्षीस जिंकले.

भारतीय संदर्भ

भारतात दिवाळीच्या सुमारास खेळली जाणारी तीन पत्ती ब्रॅगच्या तीन पानी प्रकाराशी संबंधित आहे. तीत पाने न पाहता खेळणाऱ्याला ब्लाइंड म्हणतात आणि पाने पाहिलेल्या खेळाडूला त्याच्या दुप्पट चाल द्यावी लागते. ब्लाइंड खेळाडूला स्वतःचीच पाने ठाऊक नसल्याने त्याची पैज काटेकोर अर्थाने ब्लफ ठरत नाही; ब्लफ पाने पाहिल्यानंतरच संभवतो.

ब्लफसारख्या डावपेचांमुळे पत्त्यांचा खेळ कौशल्याचा ठरतो का, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला, तर फ्लश, ब्रॅग इत्यादी नावांनी ओळखला जाणारा तीन पानी खेळ निव्वळ नशिबाचा असल्याचे म्हटले. २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, मनाई केली.