आई, मुलगा आणि शनिवारवाडा: गोपिकाबाई खरंच 'पझेसिव्ह' होत्या का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलतानाचे 'म्हणजे' आणि 'बरं का' थोडे कमी केलेत, सगळे नाही.

आजचा विषय आपल्या सिनेमांचा आणि सिरियल्सचा लाडका. मुलगा मोठा झालाय, त्याला स्वतःचं डोकं आहे, आणि आई काही त्याचा हात सोडायला तयार नाही. मराठीत याचं सगळ्यात गाजलेलं ऐतिहासिक उदाहरण कोणतं? माझ्या मते गोपिकाबाई आणि थोरले माधवराव पेशवे.

'रमा माधव' हा सिनेमा २०१४ मध्ये आला. दिग्दर्शन मृणाल कुलकर्णींचं, आणि गोपिकाबाईंची भूमिकाही त्यांचीच. आता गंमत बघा. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'स्वामी' मालिका होती, रणजित देसाईंच्या १९६२ च्या कादंबरीवरची. तिच्यात रमाबाई कोण होत्या? हीच मृणाल, तेव्हा शाळकरी वयाची. आणि माधवराव होते रवींद्र मंकणी, जे 'रमा माधव'मध्ये माधवरावांचे वडील नानासाहेब झाले. म्हणजे कालची सून आजची सासू झाली आणि कालचा मुलगा आजचा बाप! एका घराची गोष्ट आपण किती वर्षं आणि किती बाजूंनी बघतोय, हे यातून कळतं.

पण या सगळ्यात आईची बाजू कुठे येते? बहुतेक वेळा ती अडथळा म्हणूनच येते. मी दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचून पोट भरतो, त्यामुळे सवयच लागलीये: गोष्ट ऐकली की आधी तारखा लावून बघायच्या. लावूया.

गोपिकाबाई वाईच्या रास्त्यांच्या लेक. १४ जानेवारी १७६१, पानिपत. थोरला मुलगा विश्वासराव रणांगणावर गेला, वय १८. त्याच वर्षी २३ जूनला नवरा, नानासाहेब पेशवे, पर्वतीवर वारले. सहा महिन्यांच्या आत थोरला मुलगा आणि नवरा, दोघंही नाहीत. आणि पेशवाईची वस्त्रं कुणाला मिळाली? १६ वर्षांच्या माधवला. शेजारी कारभार बघायला काका, रघुनाथराव. राज्य आपणच चालवावं असं या काकांना मनापासून वाटायचं, आणि ते त्यांनी फारसं लपवलंही नाही.

आता सांगा, १६ वर्षांच्या पोराची आई काय करेल? आपल्या भाषेत बोलायचं तर ॲडमिन अ‍ॅक्सेस कुणाकडे राहणार, यावरच घरात रस्सीखेच होती. काकांना तो हवा होता. आईलाही काकांच्या हातात तो जाऊ द्यायचा नव्हता. पण काकांनी केलं की ते राजकारण, आणि आईने केलं की तिचा स्वभाव वाईट. हे मला नेहमी खटकतं.

गोपिकाबाईंवर एक मोठा आरोप असतो: दीर सदाशिवरावभाऊंचं वजन वाढू नये म्हणून त्यांनी विश्वासरावाला पानिपतावर पाठवायला लावलं. मोहिमेचे नावाचे प्रमुख विश्वासराव होते, खरी सूत्रं भाऊंकडे होती, हे खरंच आहे. पण पेशवे त्या वेळी नानासाहेब होते. हुकूम त्यांचा चालायचा. हरलेल्या लढाईचं खापर फोडायला घरातली बाई सापडली की बाकीच्यांचं काम सोपं होतं, नाही का?

म्हणून त्यांना संत करायचंही कारण नाही. त्या कारभारात लक्ष घालायच्या, माहेरची बाजू घ्यायच्या. आणि नेमकं इथेच आई-मुलाचं वाजलं.

नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगावला काका-पुतण्याची लढाई झाली. माधवराव हरले आणि घर फुटू नये म्हणून स्वतः काकांच्या छावणीत गेले. पुढच्या वर्षी निजामाच्या फौजेने पुणं लुटलं, जाळलं. तिच्यासोबत नागपूरकर जानोजी भोसलेही होते. मग १० ऑगस्ट १७६३ ला राक्षसभुवनला मराठ्यांनी निजामाला हरवलं, आणि १८ वर्षांच्या माधवरावांचा शब्द चालू लागला.

यानंतरची गोष्ट घराघरात सांगितली जाते. त्या धामधुमीतल्या वागण्याबद्दल माधवरावांनी सख्ख्या मामाला, म्हणजे रास्त्यांना, दंड केला. आईने रदबदली केली. मुलाने ऐकलं नाही. आई रुसून गंगापूरला निघून गेली. या कथेत रंग किती भरलाय ते सोडा, पण गोपिकाबाई पुण्याबाहेर, नाशिकजवळच्या गंगापूरला जाऊन राहिल्या, हे नक्की. आणि माधवरावांनी मातोश्रींना लिहिलेली पत्रंही आहेत. म्हणजे वाट वेगळी झाली तरी बोलणं तुटलं नव्हतं. सिनेमात हा सीन दार आपटून संपतो. खऱ्या घरात दार आपटल्यावरही पत्र लिहावं लागतं.

आता आपल्या भागाकडे येऊ. मी यवतमाळचा, त्यामुळे पुण्याचा इतिहास आमच्या दारावरून कधी गेला हे शोधतोच. तेव्हा आपला मुलूख वऱ्हाडात, आणि वऱ्हाडात दोअमली: निजाम आणि नागपूरकर भोसले, दोघंही वसूल घेणार. शेतकऱ्याने कुणाकुणाला द्यायचं? १७६९ मध्ये माधवराव जानोजींवर चालून वऱ्हाड-नागपूरकडे आले, आणि कनकापूरच्या तहाने ते प्रकरण मिटलं. जानोजींवर राग का? पुणं जाळण्यात ते होते म्हणून, आणि पुढे रघुनाथरावांची बाजू घेतली म्हणूनही. म्हणजे शनिवारवाड्यातल्या घरच्या भांडणाची धग थेट वऱ्हाडापर्यंत पोचली.

१८ नोव्हेंबर १७७२, थेऊर. माधवराव क्षयाने गेले, वय २७. साधारण माझंच वय, आणि त्यांनी ११ वर्षं राज्य चालवलं होतं. रमाबाई सती गेल्या. ३० ऑगस्ट १७७३ ला धाकट्या नारायणरावाचा शनिवारवाड्यात खून झाला, वय १८. गोपिकाबाई मात्र १७८८ पर्यंत जगल्या. पानिपतानंतर उरलेले दोन्ही मुलगेही डोळ्यांदेखत गेले, आणि धाकट्याच्या खुनात नाव आलं त्याच काकांचं, ज्यांच्याबद्दल ही आई पहिल्यापासून सावध होती.

उतारवयात त्यांनी नातवाला, सवाई माधवरावाला, कसं वागावं याचे नियम लिहून पाठवले. कधी उठावं, दिवस कसा घालवावा, सगळं. वाचताना वाटतं, आजी किती कटकट करते! पण तीन मुलं गेलेल्या बाईचा हात आहे तो. तिला लिहून ठेवण्यापलीकडे काय उरलं होतं?

शेवट पुन्हा आपल्या जिल्ह्यात. एप्रिल १८१८ मध्ये पांढरकवड्याच्या परिसरात इंग्रजांनी ज्या पेशव्याला गाठलं, तो दुसरा बाजीराव. रघुनाथराव आणि आनंदीबाईंचा मुलगा. ज्या गादीसाठी काका-पुतण्यात लढाई झाली, ती काकांच्या मुलाला मिळाली खरी, पण तिची शेवटची पळापळ आपल्या कापसाच्या रानात झाली.

तर गोपिकाबाई पझेसिव्ह होत्या का? होत्या, असं मला वाटतं. पण त्यांची भीती खोटी नव्हती. आणि मामाच्या बाबतीत नाही म्हणणारा मुलगाही चुकीचा नव्हता. दोघंही बरोबर असलेलं भांडण पडद्यावर दाखवणं अवघड, म्हणून कुणीतरी एक खलनायक लागतो. पुढच्या वेळी अशी आई स्क्रीनवर दिसली, तर तिला एवढंच विचारून बघा: बाई, तुम्ही कशाला घाबरताय?

तुमच्या गावात पेशवाईची, भोसल्यांची काही आठवण सांगितली जाते का? जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात!