जुनी फियाट आणि काळे हात

मे महिन्याच्या दुपारी बोरघाट चढणाऱ्या फियाटच्या मालकाजवळ एके काळी दोन वस्तू हमखास असत : पाण्याचा डबा आणि जुन्या धोतराचे फडके. अर्ध्या चढणीवर इंजिन आचके देऊ लागले की गृहस्थ खाली उतरत, बॉनेट उघडत आणि ओले फडके पेट्रोलच्या पंपावर गुंडाळत. इंजिनाच्या धगीने पेट्रोलची वाटेतच वाफ होते आणि पंपाला वाफ काही ढकलता येत नाही. पंप निवला की गाडी पुन्हा चालू. हा उपाय त्या गृहस्थांना कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकवला नव्हता. त्याचा उगम शोधू गेलो तर वाट गॅरेजकडे न जाता प्रथम दिल्लीकडे जाते.

१९४९ साली सरकारने तयार मोटारींची आयात बंद केली. १९५३ साली टॅरिफ कमिशनने सुचवले की, ज्यांना भाग इथे बनवायचे नाहीत, नुसते जोडायचे आहेत, त्यांनी दुकान आवरावे. मुंबईत शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स आणि तिच्याबरोबर फोर्ड, दोघांनीही १९५४ साली गाशा गुंडाळला. उरल्या मोजक्या कंपन्या. त्यांतली एक सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली प्रीमियर ऑटोमोबाईल्स. तिचा कारखाना कुर्ल्याला. इटलीत १९६२ साली निघालेली 'अकराशे-डी' १९६४ पासून कुर्ल्याला बनू लागली. इटलीने ती १९६६ साली मोडीत काढली. आमच्याकडे ती पुढे 'पद्मिनी' हे नाव घेऊन शतक सरेपर्यंत नांदली.

नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची, हा त्या काळचा शिरस्ता. थोडी वापरलेली गाडी नव्या गाडीच्या ठरीव भावापेक्षा महाग जाई, असा उफराटा बाजार. अशा काळात गाडी टाकून देण्याचा विचार कोण करील? ती जगवायचीच. आणि जगवणे शक्यही होते, कारण तिच्यात फारसे काही बदलतच नव्हते. १९६६च्या गाडीवर हात बसलेला माणूस १९८६ची गाडी डोळे मिटून उघडी. अर्थशास्त्री या काळाला साचलेले पाणी म्हणतात ते खोटे नाही. पण हे ज्ञान वाढले ते त्याच पाण्यात, हेही खरे.

आमच्या दादांनी तिसऱ्या हाताची फियाट घेतली ती १९८८ साली. मारुती येऊन पाच वर्षे झाली होती आणि फियाट आता कारकुनाच्याही आवाक्यात उतरू लागली होती. रविवारी सकाळी दादा लेंगा वर खोचून गाडीखाली शिरत. प्लग काढून पॉलिशपेपरने घासणे, पॉइंट साफ करणे, टॅपेटचा खडखड ऐकून फट लावणे, बॅटरीत पाणी घालणे. शेजारी थबकून विचारीत, "मिस्त्री मिळाला नाही का हो?" प्रश्न साधाच, पण त्यात शंभर पिढ्यांची समजूत होती. लेखणी धरणाऱ्या हातांनी ग्रीसला शिवायचे नसते! दादांचे हात सोमवारी कचेरीतही काळे दिसत आणि त्यांना त्याची लाज वाटत असे, हे मला फार उशिरा उमगले.

त्यांना हे शिकवले नाक्यावरच्या मिस्त्रींनी. सगळे त्यांना नुसते मिस्त्रीच म्हणत. अक्षरओळख नव्हती. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावीत आणि कोणता टॅपेट बिघडला ते सांगत. पॉइंटची फट ते दुमडलेल्या पोस्टकार्डाने मोजत. दादांनी मुंबईहून फिलर गेज आणून पडताळा घेतला, तर फट बरोबर! मिस्त्री हसले आणि म्हणाले, "साहेब, तुमचं लोखंडी, माझं सरकारी." स्वतः ते पोरवयात पाने उचलून देता देता, शिव्या खात शिकले होते. आपण ज्याला घरच्या घरी केलेली दुरुस्ती म्हणतो, ती बहुधा अशा कोणाच्या तरी घरून उसनी आणलेली असते.

ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळीचे रकाने भरले. वालचंदांची चरित्रे आहेतच. मिस्त्रींवर मात्र कोठे ओळ नाही.

आमची गाडी अजून आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा देशाने २०२५ साली गाठला. त्यातले काही आपल्याच उसाचे. पण जुन्या रबराला ते मानवत नाही. पंपाकडची नळी मऊ पडून पाझरू लागली तेव्हा मी दादांची वही काढली. प्लगची फट, पॉइंटची फट, ऑइल बदलल्याच्या तारखा, सारे सुवाच्य अक्षरात. नळीबद्दल काही नव्हते. म्हणून मिस्त्रींच्या मुलाकडे जावे असे ठरवून नाक्यावर गेलो. तेथे आता मोबाईलचे दुकान आहे. दुकानदार भला माणूस. "कोणाकडे जायचंय? नाव सांगा," म्हणाला.

घरी येऊन वही पहिल्या पानापासून पुन्हा चाळली. सगळीकडे 'मिस्त्री म्हणाले' एवढेच होते.