सर्व्हर-समूह

७. सर्व यंत्रे एकसमयावच्छेदेकरून कार्यरत ठेवून आलेल्या मागण्या त्यांत वाटून देणे ही भारवाटणीची रीत. एक यंत्र कामावर व दुसरे सज्ज राखून, पहिल्याचा नियमित स्पंदनसंदेश थांबताच दुसऱ्याने कारभार हाती घेणे ही अखंडतेची. परंतु ज्या सास्तुर गावात ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ४ च्या सुमारास शेजारशेजारची दगडमातीची घरे भूकंपाच्या एकाच हादऱ्यात कोसळली, तेथील वाचकास हे सांगणे नलगे की, एका छपराखालील दहा यंत्रे आपत्तीच्या हिशेबी एकच होत. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे पर्यायी केंद्र चेन्नईस आहे, आणि दप्तराची दुसरी नक्कल निराळ्या भूकंपपट्ट्यात ठेवण्याचा दंडक मला सर्वथा न्याय्य वाटतो. — संपादक