उच्छ्वास आणि सांधा : नळातील दाबाच्या मर्यादेचा इतिहास

शनिवार पेठेतील शनिवारवाडा १७३२ साली राहण्यास सिद्ध झाला. त्याच्या हौद-कारंज्यांना कात्रजचे पाणी मिळाले ते मात्र पुढे, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० नंतरच्या सुमारास. कात्रजच्या तलावापासून शहरापर्यंत जमिनीखालून आणलेल्या ह्या बांधीव नळातून पाणी केवळ उताराच्या बळावर वाहत असे. वाटेत ठिकठिकाणी वरच्या बाजूस उघडे असे उभे बांधकाम होते. त्यातून आत उतरून नळाची पाहणी करता येई, तसेच कोंडलेली हवा व साचणारा दाब ह्यांना वाट मिळे. ह्यांनाच ‘उच्छ्वास’ असे नाव आहे. नळातील दाबाची मर्यादा कशी राखावी, ह्या प्रश्नाचे एक संपूर्ण उत्तर ह्या एका शब्दात सामावलेले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

दहा मीटर उंचीच्या जलस्तंभाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम असतो. उच्छ्वास वर उघडा असल्यामुळे त्याच्या उंचीहून अधिक दाब तेथे साचूच शकत नाही; तत्पूर्वी पाणी ओसंडून जाते. म्हणजे येथे मर्यादा भिंतीच्या बळावरून नव्हे, तर उंचीवरून ठरते.

दुसरे उत्तर युरोपात त्याआधीच शोधले गेले होते. व्हर्सायच्या राजवाड्याला पाणी पुरविणाऱ्या नळांच्या निमित्ताने फ्रेंच शास्त्रज्ञ मारिओत (मृत्यू १६८४) ह्याने एका बंद पिंपावर उंच नळी बसवून, पिंप फुटेपर्यंत तीत पाणी चढविले. नळाची जाडी ही दाब व व्यास ह्यांच्या प्रमाणात हवी, हा निष्कर्ष त्याने काढला. जो उभा जलस्तंभ कात्रजच्या नळाचा रक्षक होता, तोच येथे परीक्षक झाला.

पुढे पीटर बार्लो (१७७६–१८६२) ह्याच्या नावाने रूढ झालेले सूत्र ह्याच विचाराचे आहे : अनुज्ञेय ताणाची व जाडीची दुप्पट, भागिले बाहेरचा व्यास. ३० सेंटिमीटर व्यासाच्या, ६ मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळासाठी अनुज्ञेय ताण दर चौरस सेंटिमीटरला १,००० किलोग्रॅम धरल्यास मर्यादा ४० किलोग्रॅम येते. परंतु हे उत्तर अखंड नळाचे झाले. १८२५ साली कॉर्नेलियस व्हाइटहाउस ह्याने तापविलेल्या लोखंडी पट्टीच्या कडा भिडवून नळ करण्याचे एकस्व घेतले, तेव्हापासून सांध्यावर किती विश्वास ठेवावा हा प्रश्न उभा राहिला. अमेरिकन संहितेत भट्टीत जोडलेल्या सांध्याला ०.६० आणि विद्युत्-रोधाने जोडलेल्या सांध्याला ०.८५ असा गुणक आहे. त्यानुसार वरील ४० चे अनुक्रमे २४ व ३४ होतात.

‘उच्छ्वास’ हा शब्दही संधीनेच घडलेला आहे. उत् आणि श्वास एकत्र येताना दोन्ही वर्ण पालटतात. वेल्डिंगमध्येही जोडरेषेलगतचे पोलाद उष्णतेने पालटते. जोड डोळ्यांना दिसला नाही, तरी घटकांत बदल झालेलाच असतो.

तापमानाचा विचारही ह्याच हिशेबात येतो. अनुज्ञेय ताण हा स्थिर अंक नव्हे. साध्या पोलादाच्या बाबतीत सुमारे ४०० अंश सेल्सियसच्या आसपास दीर्घकाळच्या ताणाखाली धातू हळूहळू वाढू लागतो आणि ताणाची मर्यादा झपाट्याने उतरते. अतिशीत अवस्थेत तेच पोलाद ठिसूळ होते. गार पाण्याच्या नळालाही ऋतुमान सुटत नाही : १०० मीटर लांबीचा मोकळा नळ ३० अंशांच्या फरकाने सुमारे ३६ मिलिमीटर वाढतो, ही वाढ अडविली, तर तिचा ताण सांध्यांवर येतो.

सूत्राने उच्छ्वासाला निरुपयोगी ठरविले, असे मात्र समजू नये. गंजाने जाडी घटते, आणि तिच्याबरोबर गणिताने दिलेली मर्यादाही घटते. नळावर कोरलेला अंक तेवढा पूर्वीचाच राहतो. म्हणूनच आजच्या वाफेच्या व पाण्याच्या नळांवर सुरक्षा-झडप बसवावी लागते. ती त्या जुन्या उच्छ्वासाचीच वारस होय. भिंतीचे बळ मोजणे आणि दाबाला वाट ठेवणे ही दोन उत्तरे परस्परांना पर्यायी नसून पूरक आहेत, हे ह्या इतिहासाचे सार आहे.