अंगणातून आलेली शाळा



या स्मरणिकेत बहुतेक जण आपल्या हायस्कूलच्या गुरुजनांविषयी लिहितील आणि ते योग्यच आहे. गणित ज्यांनी पक्के करून घेतले, शुद्धलेखनाच्या वह्या ज्यांनी लाल शाईने भरल्या, त्यांचे ऋण मोठे आहे. मी मात्र त्यांच्याही आधीच्या शिक्षिकेविषयी लिहिणार आहे. आपला हात हातात धरून पाटीवर पहिली रेघ जिने ओढून घेतली, ती बालवाडीची बाई. तिचा फोटो आपल्यापैकी बहुतेकांकडे नसेल. पण तिच्या कामाला मोठा इतिहास आहे आणि तो आपल्याच कोकणपट्टीत, उत्तरेला बोर्डी-कोसबाडला घडला आहे.

त्या इतिहासातले एक नाव म्हणजे अनुताई वाघ. जन्म १७ मार्च १९१०, पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे पुढचे आयुष्य माजघरातच संपायचे. अनुताई मात्र शिकल्या, अध्यापनाचे प्रशिक्षण घेऊन १९२९ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदोरीच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका झाल्या. पुढे सुमारे दहा वर्षे पुण्याच्या हुजूरपागेत शिकवले. दिवसा नोकरी आणि रात्रशाळेत स्वतःचा अभ्यास करून त्या मॅट्रिक झाल्या. पदवी तर त्यांनी पन्नाशी ओलांडल्यावर मिळवली.

१९४५ मध्ये बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांची गाठ ताराबाई मोडकांशी पडली. ताराबाईंनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला बालशिक्षणाचे काम केले होते. मॉन्टेसरी पद्धत खेड्यातल्या गरीब मुलांपर्यंत न्यायची, हा त्यांचा ध्यास होता. त्यासाठी त्याच वर्षी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. अनुताई तिथे गेल्या तेव्हा ३५ वर्षांच्या होत्या. शहरातली स्थिर नोकरी सोडून त्या गेल्या, त्या कायमच्याच.

बोर्डीच्या बालवाडीत गावातली मुले येऊ लागली, पण हरिजन वस्तीतली येईनात. मुले येत नाहीत म्हणून पटावरची नावे कमी करणे सोपे होते. या दोघींनी उलटे केले. बालवाडीच वस्तीत नेली. कोणाच्या तरी अंगणात बसायचे, मुलांना न्हाऊ-माखू घालायचे, केस विंचरायचे, नखे कापायची, मग गाणी, गोष्टी, खेळ. हीच अंगणवाडी.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेले. तिथे अडचण वेगळी होती. सहा-सात वर्षांचे पोर गुरे राखायला जाई, मोठी बहीण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरे. तेव्हा शिक्षिकाच गुरांमागे कुरणात जाऊ लागली आणि कुरणशाळा झाली. धाकट्या भावंडासाठी पाळणाघर, त्याला लागून बालवाडी आणि त्याला लागून प्राथमिक शाळा, अशी ‘विकासवाडी’ उभी राहिली. परदेशी महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, खडे, शंख-शिंपले वापरले गेले. मोजायला शिकायचे तर चिंचोके पुरतात, हे तिथे सिद्ध झाले.

मी गेली वीसेक वर्षे सॉफ्टवेअर क्षेत्रात आहे. आमच्याकडे एखादी प्रणाली लोक वापरत नसतील तर दोष वापरणाऱ्याचा नव्हे, बनवणाऱ्याचा, हे नव्या इंजिनिअरला पहिल्यांदा शिकवावे लागते. ताराबाई आणि अनुताईंनी शाळेच्या बाबतीत हे १९४५ साली ओळखले होते. मूल शाळेत येत नाही, याचा अर्थ शाळेची वेळ, जागा किंवा भाषा चुकते आहे.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. रोहा आणि पेणच्या डोंगरवाड्यांमधली कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. आमच्या वर्गात वाडीवरून येणारी मुले दिवाळीपर्यंत दिसायची, मग त्यांचे बाक रिकामे व्हायचे. हजेरी घेताना त्यांचे नाव आले की एक क्षण शांतता आणि मग पुढचे नाव. ती हुशार नव्हती असे मुळीच नाही. शाळा त्यांच्या मागे भट्टीवर जाऊ शकली नाही, एवढेच. आज ते वर्गमित्र या मेळाव्याच्या यादीत नाहीत.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. त्यानंतरही अनुताई कोसबाडला काम करत राहिल्या. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. म्हणजे त्या परिसराला दिलेली तब्बल ४७ वर्षे. दरम्यान २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना देशभर ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. आज तमिळनाडूत किंवा आसामात हा शब्द उच्चारणाऱ्यांना बोर्डीचे नावही ठाऊक नसते. शिक्षकाच्या कामाला याहून मोठी पावती कोणती?

पण या इतिहासाची दुसरी बाजूही सांगायला हवी. अंगणवाडी सेविकेला पगार नाही, मानधन मिळते. मुलांचे वजन, पोषण आहार, लसीकरणाला बोलावणे, गरोदर महिलांच्या नोंदी आणि वर शिकवणे, एवढे करूनही कागदोपत्री ती ‘मानसेवी’. ती ग्रॅच्युइटीला पात्र आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले. मानधन या शब्दात मान आधी आणि धन नंतर येते. धन सरकारने वाढवायचे, मान देणे मात्र आपल्या हातात आहे.

म्हणून माझी एक सूचना आहे. मेळाव्यात आपण गुरुजनांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करणार आहोत. त्याच व्यासपीठावर अष्टमी-रोह्यातल्या आणि आसपासच्या वाड्यांवरच्या निवृत्त अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांनाही सन्मानाने बोलवावे. आणि बॅचच्या निधीतला काही भाग दरवर्षी दिवाळीनंतर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी ठेवावा. तो कसा वापरायचा हे आपण मुंबई-पुण्यात बसून ठरवू नये. वाडीवरच्या सेविकेला विचारावे. तिला प्रत्येक मुलाचे नाव माहीत असते.

सर्व गुरुजनांना, आणि पाटीवरची पहिली रेघ ओढून घेणाऱ्या त्या बाईंना, सादर प्रणाम.