विजेच्या गाडीचे स्ट्रट : आधी निदान, मग पाना!



इथे इंग्लंडात आपल्यापैकी अनेकांच्या दारात आता विजेवर चालणारी गाडी उभी असते. इंजिन नाही, इंजिन ऑइल नाही, त्यामुळे "हिला काही करावेच लागत नाही" असा आपला समज होतो. पण रस्त्यातले खड्डे आणि स्पीड हंप तिलाही चुकत नाहीत.

आमच्या जुन्या निस्सान लीफच्या पुढच्या बाजूने खडखड आवाज येऊ लागला. एका गॅरेजने दोन्ही स्ट्रट बदलायला सांगितले. आम्ही ते बदलून घेतले, पैसे मोजले, आणि आवाज तसाच! शेवटी दोष निघाला एका छोट्याशा लिंकमध्ये. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून ही माहिती एकत्र केली आहे.

स्ट्रट म्हणजे काय?

आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला 'शॉकअप' म्हणतात, तो शॉक अॅब्सॉर्बर आणि त्याभोवतीची स्प्रिंग असा हा एकत्र जोड. वरचे टोक बॉडीला, खालचे चाकाच्या हबला. स्प्रिंग गाडीचे वजन पेलते आणि धक्का झेलते. शॉकमधले तेल बारीक झडपांतून जाताना स्प्रिंगची उसळी शमवते. लीफला असे स्ट्रट फक्त पुढे असतात. मागे शॉक आणि स्प्रिंग वेगवेगळे बसवलेले असतात.

लीफच्या पहिल्या २४ किलोवॅट-तासांच्या बॅटरीचेच वजन सुमारे ३०० किलो आहे. एवढा भार शॉकना रोज सावरावा लागतो. शॉक कमकुवत झाला की चाक रस्त्यावर नीट टेकत नाही, आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागते. म्हणून हा केवळ आरामाचा प्रश्न नाही. मागच्या सीटवर मुले बसलेली असतात!

लक्षणांवरून ओळख

इंजिनाचा आवाज नसल्याने या गाडीत बारीकसारीक आवाजही ऐकू येतात. प्रत्येक आवाज स्ट्रटचाच असतो असे नाही.

- हंपवरून गेल्यावर गाडी दोन-तीनदा डुलते, ब्रेक लावताच किंवा पॅडल सोडताच नाक खाली घालते : शॉक झिजल्याची शक्यता.
- टायर जागोजागी खोलगट झिजला आहे : शॉकचा संशय घ्या, पण चाकाचे बॅलन्सिंगही तपासा.
- शॉकवर तेलाचे ओघळ आहेत : शॉक गेला. नुसता ओलसर थर असेल तर घाबरू नका, लक्ष ठेवा.
- कमी वेगात बारीक खड्ड्यांवर खडखड : आधी अँटी-रोल बारची लिंक पाहा. ती स्वस्त असते.
- उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना कटकट किंवा करकर : स्ट्रटच्या वरचे माउंट व बेअरिंग पाहा.
- गाडी एका कोपऱ्यात खाली बसली आहे : स्प्रिंग तुटली असेल. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने ती गंजते. अशी गाडी चालवू नका.

बॉनेटचा कोपरा दाबून सोडण्याची जुनी चाचणी करून पाहा, पण केवळ तिच्यावर विसंबू नका. शॉकमधून खूप तेल गळत असेल तर गाडी एम.ओ.टी.त नापास होते, हेही लक्षात असू द्या.

बदलण्याचे काम

स्ट्रट नेहमी जोडीने बदलावेत, म्हणजे पुढचे दोन्ही. घरी काम करायचे असेल तर ढोबळ क्रम असा :

१. गाडी पूर्ण बंद करा आणि चावी दूर ठेवा. ही गाडी 'रेडी' स्थितीतही आवाज करत नाही! मागच्या चाकांना अडसर लावा.
२. जॅक फक्त पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावा. बॅटरीच्या तळाला कधीही नाही. नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावाच. नारिंगी केबलला हात लावू नका.
३. चाक काढा. ब्रेकचा पाइप, ए.बी.एस.ची वायर आणि लिंक स्ट्रटपासून सोडवा.
४. हबला आधार द्या, म्हणजे तो ब्रेकच्या पाइपवर लोंबकळणार नाही. मग खालचे दोन बोल्ट काढा.
५. वरचे नट काढताना दुसऱ्या कोणीतरी स्ट्रट खालून धरावा. बऱ्याच गाड्यांत हे नट वायपरखालचे प्लास्टिक काढल्यावरच दिसतात.
६. नवा स्ट्रट उलट क्रमाने बसवा. सेल्फ-लॉकिंग नट नवे वापरा आणि टॉर्क रेंचने उत्पादकाने दिलेल्या मापाइतकेच आवळा.

सावधान!

स्ट्रटच्या मधोमध असलेला मोठा नट कधीही थेट सोडू नका. त्याखाली स्प्रिंग दाबून बसवलेली असते. ती सुटली तर जीवही जाऊ शकतो. जुनी स्प्रिंग नव्या शॉकवर चढवायची असेल तर ते काम गॅरेजला द्या, किंवा स्प्रिंग आणि माउंटसह तयार जोडलेला स्ट्रट घ्या. त्याला पैसे थोडे जास्त पडतात, पण इथे काटकसर नको.

काम झाल्यावर

चाकांची अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर नवे टायर लवकर झिजतील. गाडीत लेन ओळखणारा कॅमेरा असेल तर त्याचे कॅलिब्रेशन लागेल का, हेही विचारा. पन्नासेक मैल चालवल्यावर चाकांचे नट पुन्हा तपासा.

आणि गॅरेजने "स्ट्रट गेले" म्हटले, तर एकच विचारा : "कशावरून? गाडी वर घेऊन दाखवता का?" चांगला मेकॅनिक आनंदाने दाखवतो. आम्ही हा प्रश्न विचारला नव्हता. तुम्ही विचारा!

सुखरूप प्रवासासाठी शुभेच्छा.